नऊ एकांचा वर्ग

आदिलाबादच्या कापसाच्या बाजारात एकवीस ही संख्या दोन तऱ्हांनी उच्चारली जाते. मराठी बोलणारा आधी एकाचा उच्चार करतो व मग विसाचा. तेलुगू बोलणारा 'इरवै ओकटि' असे म्हणून वीस आधी सांगतो आणि एक मागून. एकोणतीस हा शब्द तर मराठीने असा घडविला आहे की, त्यात तिसांतून एक उणा करावा लागतो. तेलुगूत मात्र तेथे वीस आणि नऊ अशी सरळ बेरीजच असते. तथापि हिशेबाच्या कागदावर उतरताना ह्या दोन्ही उच्चारांना दोन आणि एक हे अंक त्याच क्रमाने ठेवावे लागतात. ह्याच जिल्ह्यातील गुंजाला ह्या गावी गोंडी भाषेची जी जुनी हस्तलिखिते सापडली, त्यांतील लिपीलाही स्वतःचे असे शून्यासह दहा अंक आहेत, आणि २०१८ साली युनिकोडच्या जागतिक लिपिसंग्रहात त्या लिपीबरोबर त्या अंकांचीही नोंद झाली. उच्चार निराळे, अंकांची वळणे निराळी, परंतु दहांच्या पटीने घर वाढविण्याची रीत एकच!

ह्यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो तितका साधा नाही. संख्यांचे जे चमत्कार म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितले जातात, ते खरोखर संख्येचे असतात की केवळ तिला लिहिण्याच्या रीतीचे? ह्या प्रश्नाची परीक्षा घेण्यास एक मोठी संख्या फार उपयोगी पडते. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

हिच्यात सतरा अंक आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या मोजदादीप्रमाणे ह्या संख्येचा सर्वांत डावीकडचा अंक 'मध्य' ह्या सतराव्या स्थानावर येतो; परार्धाला एकच पायरी कमी. पण ही लांबलचक संख्या पाठ करण्याचे कारण नाही. एकापासून नवापर्यंत चढावे आणि तसेच उतरावे, म्हणजे ती तयार होते. आणि ती जन्मते कशातून, तर नऊ एक ओळीने लिहून तयार झालेल्या १११११११११ ह्या संख्येला तिनेच गुणले असता.

असे का व्हावे, हे कळण्यास शाळेतील गुणाकारापलीकडे काही लागत नाही. अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा १२३२१, हे पुष्कळांना ठाऊक असते. नऊ एकांना नऊ एकांनी गुणावयाचे म्हणजे नऊ ओळी मांडावयाच्या. प्रत्येक ओळ नऊ एकांचीच. मात्र ती वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. अगदी उजव्या घरात पहिल्या ओळीचा एकच एक उतरतो. त्याच्या डावीकडच्या घरात दोन ओळींचे दोन एक, त्यापुढे तीन, ह्याप्रमाणे चढत जाऊन नवव्या घरात नऊही ओळींचे एक एकत्र येतात. तेथून पुढे वरच्या ओळी संपत जातात, आणि बेरीज आठ, सात, सहा अशी उतरणीला लागते. कोठेही बेरीज नवापलीकडे जात नाही, म्हणून कोठेही हातचा येत नाही. ह्या 'हातचा न येण्या'तच सगळे मर्म आहे. ते विसरले तर पुढची गंमत हातून निसटते.

ह्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ भरते, म्हणजे नवाचा वर्ग. तिला ८१ ने भाग द्यावा, तर तो निःशेष जातो आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. हा भागाकारही साधा नाही. तो १२३४५६७९ ह्या संख्येचा वर्ग आहे. एकापासून नवापर्यंतचे अंक क्रमाने लिहिताना आठ गाळला की १२३४५६७९ ही संख्या होते, आणि तिला नवाने गुणले की नऊ एक मिळतात. मूळ अवयव काढू गेल्यास नऊ एकांची संख्या म्हणजे ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. तेव्हा तिच्या वर्गात ३ हा अवयव चार वेळा, आणि ३७ व ३३३६६७ हे प्रत्येकी दोन वेळा येतात. त्यावरून एक आणि ती स्वतः धरून तिचे एकंदर ४५ विभाजक होतात. एकापासून नवापर्यंतच्या अंकांची बेरीजही ४५ च होते. पण तो निव्वळ योगायोग आहे, त्याला संख्येचा गुण म्हणू नये.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. ४५ विभाजक असणे हा त्या संख्येचा स्वभाव आहे; ती कोणत्याही लिपीत आणि कोणत्याही पटीने लिहिली तरी विभाजक तितकेच राहतील. अंकांची बेरीज ८१ येणे हा मात्र दहांच्या पटीने लिहिण्याचा परिणाम आहे. पहिला गुण माणसाच्या प्रकृतीसारखा, दुसरा त्याच्या पोशाखासारखा. परंतु पोशाखाचे कौतुक करू नये असा काही नियम नाही, आणि दख्खनच्या गणित्यांनी ते फार पूर्वीपासून केले आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळी, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्य ह्या जैन गणित्याने 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात गुणाकाराची अशी उदाहरणे आहेत की, उत्तर गळ्यातील हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणावे, म्हणजे १२३४५६५४३२१ येतात. हा सहा एकांचा वर्गच होय. केवळ ४४१ चा तुकडा वेगळा काढून गुणाकाराचे उदाहरण बनविले आहे. १२३४५६७९ ला नवाने गुणण्याचे उदाहरणही तेथे आहेच. तेव्हा ह्या संख्यांची ओळख महाराष्ट्राला विसाव्या शतकात प्रथम झाली असे कोणी म्हणू नये.

विसाव्या शतकात झाले ते निराळेच. एका शाळामास्तराने ह्या हारांतील मणी सुटे करून ते कोणत्या नियमाने ओवले आहेत हे पाहिले, आणि त्या नियमाने नवे हार गुंफले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. त्यांचे वडील कारकून असून त्यांना ज्योतिषाची आवड होती. पंचांगाच्या हिशेबातून मुलाला आकडेमोडीचा नाद लागला. ठाण्यास शालेय शिक्षण आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढील शिक्षण झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची जागा नाही, हाताशी संशोधकांचा परिवार नाही. जे काही केले ते शाळा सुटल्यावर, कागद आणि पेन्सिल घेऊन.

मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेमलो नावाच्या स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली, आणि त्या स्थानकाचेच नाव त्यांनी संख्यांच्या एका कुळाला दिले. डेमलो संख्येचे तीन भाग पडतात. मधला भाग एकाच अंकाचा, मग तो एकदा येवो की अनेकदा. डावा आणि उजवा भाग एकमेकांत मिळविले की त्याच अंकाची पुनरावृत्ती झालेली संख्या यावी. १३५५५४२ ही घ्या. मध्ये ५५५, डावीकडचे १३ व उजवीकडचे ४२ मिळून ५५. आता आरंभीची सतरा अंकी संख्या ह्याच कसोटीला लावून पाहावी. डावा भाग १२३४५६७८, मध्ये ९, उजवा भाग ८७६५४३२१. दोन्ही टोकांची बेरीज ९९९९९९९९. कसोटी पूर्ण उतरते. एकांच्या वर्गांतून होणाऱ्या ह्या मालेला कापरेकरांनी 'अद्भुत' डेमलो संख्या म्हटले. ह्या विषयावर प्रा. गुंजीकर ह्यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, आणि १९४८ साली डेमलो संख्यांवर पुस्तकही निघाले. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' म्हणजे हर्ष देणाऱ्या हे नावही त्यांचेच. वर ८१ ने भागून दाखविलेली संख्या अर्थातच हर्षद आहे.

आता नऊ एकांवरून दहा एकांवर जावे. हौशी माणूस येथे हटकून फसतो. चढण १२३४५६७८९ पर्यंत, शिखरावर शून्य, मग उतरण, असे लिहून तो १२३४५६७८९०९८७६५४३२१ हे उत्तर मोकळ्या मनाने सांगतो. ते चूक आहे. दहाव्या घरात दहा ओळींचे दहा एक उतरतात. म्हणजे घरात शून्य राहते आणि हातचा एक डावीकडे जातो. डावीकडच्या घरात नऊ असतातच. त्यांत एक मिळून पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात मिळून नऊ होतात आणि तेथे गडबड थांबते. म्हणून खरे उत्तर :

१२३४५६७९००९८७६५४३२१

आठ नाहीसा झाला, मध्यावर दोन शून्ये आली आणि दोन्ही बाजूंचा सारखेपणा मोडला. अंकांची बेरीज शंभर व्हावयाची ती दोन हातच्यांमुळे प्रत्येकी नऊ ह्या हिशेबाने घटून ८२ झाली. संख्या विषम आणि बेरीज सम. तेव्हा ती हर्षदही राहिली नाही. शिवाय ही एकोणीस अंकी संख्या भास्कराचार्यांच्या अठरा स्थानांबाहेर गेली. तिच्या पहिल्या अंकाच्या स्थानाला 'लीलावती'त नावच नाही.

हार तुटला असे येथे वाटते. परंतु कापरेकरांचीच दुसरी एक कल्पना घेऊन ह्या मोडक्या हाराकडे पाहिले तर निराळेच दृश्य दिसते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून मिळविले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ मिळून १४२८५७. मूळ संख्येत जितके अंक, तितके वर्गाच्या उजवीकडून मोजून घ्यावयाचे, उरलेले डावीकडे. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. आता दहा एकांच्या वर्गातील उजवीकडचे दहा अंक घ्यावे : ०९८७६५४३२१. डावीकडे उरतात १२३४५६७९०. ह्यांची बेरीज ११११११११११, म्हणजे तेच दहा एक!

नऊ एकांना जे साधत नाही ते दहा एकांना साधते, आणि ते अपघाताने नव्हे. दहा अंकी वर्गखंडांची अशी बेरीज करणे म्हणजे मूळ वर्गातून दहा नवांच्या संख्येचे काही पट काढून टाकणे होय. म्हणून वर्ग आणि मूळ संख्या ह्यांच्या अंतराला दहा नवांनी निःशेष भाग जावा लागतो. हे अंतर म्हणजे दहा एक गुणिले त्यांहून एकाने लहान संख्या. आणि दहा नव म्हणजे दहा एक गुणिले नऊ. तेव्हा एवढेच पाहावयाचे की, एकाने लहान संख्येला नवाने भाग जातो की नाही. ती संख्या आहे १११११११११०. तिच्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून भाग जातो. भाग जातो हे ठरले की, बेरजेला दहा एकांहून निराळी व्हावयाची तर ती दहा नवांनी अधिक व्हावी लागेल. पण दोन भाग मिळून इतके मोठे होऊच शकत नाहीत. नऊ एकांच्या बाबतीत हीच बेरीज आठ येते, आणि सारे तेथेच अडते.

इंग्लंडचे थोर गणिती हार्डी ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात अशा गोष्टींविषयी कठोर मत दिले आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे आपल्याच उलट्या संख्येच्या पटी. चार अंकी संख्यांत अशा ह्या दोनच. ही माहिती वर्तमानपत्रातील कोडी सोडविणाऱ्यास रुचेल, पण गणितज्ञाला तिचे आकर्षण नाही, असा त्यांचा आशय. कापरेकरांच्या कामाकडेही भारतातील पुष्कळ विद्वानांनी ह्याच दृष्टीने पाहिले. हार्डींचा आक्षेप निम्मा खरा आहे. एखादी गोष्ट केवळ शोधून सापडते आणि तिच्यातून पुढे कोठेच जाता येत नाही, तेव्हा ती करमणूकच होय. परंतु एकांच्या वर्गाची गोष्ट तशी नाही. आठांच्या पटीने संख्या लिहिणाऱ्यांचा कोणी समाज असता, तर त्याला सात एकांच्या वर्गात १२३४५६७६५४३२१ हाच चढउतार दिसला असता. बारांच्या पटीने लिहिणाऱ्यास तो अकरा एकांपर्यंत टिकलेला दिसला असता. पोशाख बदलला तरी त्याची शिवण तीच राहते, आणि त्या शिवणीचा नियम सांगणे हे गणितच आहे.

ज्या शोधामुळे कापरेकरांचे नाव सर्वतोमुखी झाले त्याचीही हीच कथा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि हेच पुन्हापुन्हा करावे. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतात व तेथेच मुक्काम पडतो. १९४६ साली सापडलेली ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणितपरिषदेत मांडली. आदिलाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून आंध्र प्रदेशात गेला ते वर्ष १९५६. त्यावरून ८०८२, ८५३२ आणि ६१७४ अशा तीनच पायऱ्या लागतात. तेलंगण राज्य झाले ते २०१४. तेथून ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४, म्हणजे पूर्ण सात.

सहा अंकांना मात्र हा एकच मुक्काम नाही. आदिलाबादचा पिन क्रमांक ५०४००१. ही पिनची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्याने, संस्कृतच्या कवीने आखली आणि १९७२ साली ती सुरू झाली. ५४१००० मधून ०००१४५ वजा जाता ५४०८५५ येतात. असे करीत दहाव्या वजाबाकीला ८५१७४२ आले की पुढे ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सात संख्यांचे रहाटगाडगे सुरू होते ते थांबत नाही. इतर काही सहा अंकी संख्या ५४९९४५ वर किंवा ६३१७६४ वर जाऊन स्थिरावतात. किती अंकांना एक मुक्काम, किती अंकांना अनेक आणि कोठे रहाटगाडगे, हा प्रश्न पुढे अनेक देशांच्या गणित्यांनी हाती घेतला.

कापरेकरांना त्याचे श्रेय मिळावयास उशीर लागला. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून ते शिकवण्या करीत; १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर ह्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' ह्या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या ह्या शिक्षकाचे वय सत्तर होते. १९८६ साली ते निवर्तले.

एकांच्या माळेत कापरेकरांचा गुण दहा एकांनंतर पुन्हा केव्हा दिसेल, हे वर दिलेल्या कारणावरूनच काढता येते. माळेतून एक उणा केला असता उरलेल्या अंकांच्या बेरजेला नवाने भाग गेला पाहिजे. म्हणजे एक एक, दहा एक, एकोणीस एक, अठ्ठावीस एक, ह्या क्रमाने. एकोणीस एकांचा वर्ग सदतीस अंकी येतो. तो हाताने करावयाचा तर हातच्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल, आणि एक पाटी पुरणार नाही.